तंत्रिका-ऱ्हास विकारांचा मूल कोशिकांद्वारे अभ्यास
ज्या विकारांत तंत्रिका कोशिकांचा (मज्जापेशींचा) क्रमाक्रमाने व भरून न निघणारा नाश होतो, त्यांना तंत्रिका-ऱ्हास विकार म्हणतात. कंपवात, अल्झायमर विकार व हंटिंग्टन विकार हे त्यांपैकी प्रमुख होत. जिवंत रुग्णाच्या मेंदूतील कोशिका तपासणीसाठी सहसा काढता येत नाहीत आणि मरणोत्तर तपासणीत विकाराची अखेरची अवस्थाच दिसते. नाशाचा प्रारंभ कसा होतो हे पाहण्यासाठी रुग्णाच्याच कोशिकांपासून प्रयोगशाळेत तंत्रिका कोशिका तयार करून त्यांतील प्रथिनांचे विश्लेषण करतात. कंपवाताच्या उदाहरणावरून ही पद्धती स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. या विकारात मध्यमस्तिष्कातील डोपामीन निर्माण करणाऱ्या कोशिका नष्ट होतात व उरलेल्या कोशिकांत ‘लेवी पिंड’ नावाचे पुंज आढळतात. आल्फा-सायन्यूक्लीन या १४० ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष १९९७ मध्ये काही इटालियन व ग्रीक कुटुंबांत आढळला. त्याच वर्षी लेवी पिंडांतही हेच प्रथिन सापडले. अमेरिकेतील एका कुटुंबात या जनुकाच्या नेहमीच्या दोन प्रतींऐवजी चार प्रती असल्याचे २००३ मध्ये दिसून आले. त्यामुळे निर्दोष प्रथिनाचे आधिक्यही विकारास कारणीभूत होते, हे स्पष्ट झाले.

मूल कोशिका : शिन्या यामानाका व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या त्वचेतील कोशिकांत चार जनुके घालून त्यांचे मूल कोशिकांत रूपांतर केले. या कार्याबद्दल यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. अशा कोशिकांना योग्य रासायनिक संकेत दिल्यास त्यांपासून डोपामीन निर्माण करणाऱ्या तंत्रिका कोशिका बनतात. चार प्रती असलेल्या एका रुग्णापासून २०११ मध्ये तयार केलेल्या कोशिकांत आल्फा-सायन्यूक्लिनाचे प्रमाण निरोगी नातेवाइकाच्या कोशिकांतील प्रमाणाच्या सुमारे दुप्पट भरले.

प्रथिन विश्लेषण : कोशिकांतील प्रथिनांचे ट्रिप्सीन या एंझाइमाने लहान तुकडे करून द्रव्यमान वर्णपटमापकाने त्यांचे वस्तुमान मोजतात. त्यावरून एकाच वेळी हजारो प्रथिने ओळखता येतात व त्यांचे प्रमाण ठरविता येते. जनुकाच्या तपासणीत न दिसणारे बदलही यात कळतात. उदा., लेवी पिंडांतील आल्फा-सायन्यूक्लिनाच्या १२९ व्या स्थानावरील सेरिनाला बहुतांशी फॉस्फेट गट जोडलेला असतो, हे २००२ मध्ये अशा विश्लेषणातून कळले.

मर्यादा : मूल कोशिकांत रूपांतर होताना वयाच्या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. कंपवात मुख्यतः उतारवयाचा विकार असताना प्रयोगशाळेतील कोशिका मात्र गर्भावस्थेतील कोशिकांसारख्या असतात. त्वचेतील कोशिकांचे सरळ तंत्रिका कोशिकांत रूपांतर केल्यास या खुणा काही अंशी टिकतात. बहुसंख्य रुग्णांत एकच कारणीभूत जनुकदोष आढळत नाही, त्यामुळे एका कुटुंबावरून काढलेले निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नाहीत. ते मेंदूतील ऊतकांवर (समान कार्य करणाऱ्या कोशिकांच्या समूहांवर) पडताळून पाहावे लागतात.

लेव्होडोपा हे प्रचलित औषध लक्षणे सौम्य करते. परंतु कोशिकांचा नाश थांबवीत नाही. तो थांबवावयाचा, तर लेवी पिंड दिसण्यापूर्वी कोशिकेत काय बिघडते हे कळणे आवश्यक आहे. या अभ्यासपद्धतीचे महत्त्व त्यातच आहे.