संवर्धित वास्तव व त्रिमितीय प्रतिकृतींची तपासणी

क्रमवीक्षणाने, म्हणजे व्यवहारात ज्याला स्कॅनिंग म्हणतात त्या क्रियेने, तयार केलेली एखाद्या वस्तूची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती मूळ वस्तूवर दृश्यरूपाने आरोपित करून तीमधील उणिवा व विचलने शोधण्याची पद्धत. वस्तू समोर असतानाच तपासणी होते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. यंत्रभाग, बांधकामे, संग्रहालयांतील वस्तू आणि प्राचीन वास्तू यांच्या प्रतिकृतींसाठी तिचा उपयोग होतो.

तत्त्व व विकास : संवर्धित वास्तवात प्रत्यक्ष दृश्यामध्ये संगणकनिर्मित चित्र अशा रीतीने मिसळलेले असते, की पाहणारा हलला तरी ते चित्र आपल्या जागी स्थिर राहिल्यासारखे दिसते. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचे पहिले दर्शक उपकरण तयार केले. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये विमानातील तारांची जोडणी सुलभ करण्यासाठी या कल्पनेचा उपयोग सुचविला. रॉनल्ड अझूमा यांनी १९९७ मध्ये तिची तीन लक्षणे सांगितली : वास्तव व आभासी यांचा संयोग, तत्क्षणी होणारा प्रतिसाद आणि त्रिमितीय अवकाशातील अचूक स्थाननिश्चिती. २०१७ नंतर ही सोय सामान्य मोबाइल फोनवरही उपलब्ध होऊ लागली.

प्रतिकृतीतील दोष : लेसर किरण किंवा अनेक छायाचित्रे यांच्या साहाय्याने वस्तूच्या पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची स्थाने निश्चित केली जातात. या बिंदुमेघापासून त्रिकोणांचे जाळे तयार करून त्यावर रंग व पोत चढवितात. या क्रियेत चार प्रकारचे दोष प्रामुख्याने उद्‌भवतात : (१) किरण किंवा कॅमेरा न पोहोचल्याने राहिलेली पोकळी, (२) वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले भाग जोडताना पडलेला सरक, (३) एकूण आकारमानातील म्हणजे प्रमाणातील चूक, (४) गुळगुळीत, काळ्या वा ओल्या पृष्ठभागामुळे आलेला खडबडीतपणा. पुष्कळदा संगणक पोकळी आपोआप बुजवितो. अशी प्रतिकृती पडद्यावर निर्दोष दिसते. पण बुजविलेला भाग मुळात कसा होता, हे तीवरून कळत नाही.

तपासणीची रीत : बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात कोथळी येथे मध्ययुगीन हेमाडपंती मंदिरे व रोहिणखेड येथे सोळाव्या शतकातील मशीद आहे. अशा दगडी वास्तूचे उदाहरण घेतल्यास ही रीत स्पष्ट होते. प्रथम वास्तूवर सहज ओळखू येणारे काही बिंदू, उदा., पायरीचा कोपरा, स्तंभाची तळखडी किंवा तात्पुरत्या चिकटविलेल्या खुणा निवडतात. प्रतिकृतीतील तेच बिंदू त्यांच्याशी जुळवून ती वास्तूवर बसवितात. सूक्ष्म जुळणीसाठी पॉल बेसल व नील मके यांनी १९९२ मध्ये मांडलेली निकटतम बिंदूंची पुनरावर्ती पद्धत व तिचे सुधारित प्रकार वापरतात. त्यानंतर तपासनीस फोन, टॅब्लेट किंवा दर्शक चष्मा घेऊन वास्तूभोवती व आत फिरतो. प्रतिकृती अर्धपारदर्शक ठेवल्यास दगडाची कड व प्रतिकृतीची कड यांतील अंतर दिसते. जेथे बिंदूंची नोंदच नाही, तो भाग वेगळ्या रंगात दाखविता येतो. छताचे कोरीव काम, स्तंभशीर्षांमागील सापटी आणि गाभाऱ्यातील अंधारे कोपरे येथे उणिवा राहण्याचा संभव अधिक असतो. उणीव आढळताच तेवढ्याच भागाचे पुन्हा क्रमवीक्षण करता येते. हीच चूक कार्यालयात परतल्यावर लक्षात आल्यास पुन्हा प्रवास, पुन्हा परवानगी व पुन्हा खर्च करावा लागतो.

मर्यादा : मोजण्याचे साधन ज्या चुकीचा शोध घ्यावयाचा तिच्याहून अधिक अचूक असले पाहिजे. हातातील फोनवरील आरोपणात काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत स्थानदोष राहू शकतो. फोनच्या दिशेच्या मापनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर ३ मी. अंतरावरील प्रतिमा सु. २६ मिमी. सरकलेली दिसते. त्यामुळे २ मिमी. खोलीच्या कोरीव रेषेची अचूकता या पद्धतीने ठरविता येत नाही. जुळणी करताना प्रतिकृती लहानमोठी करण्याची मुभा संगणकास दिल्यास प्रमाणातील चूकच झाकली जाते. केवळ छायाचित्रांपासून केलेल्या प्रतिकृतीस स्वतःचे निश्चित प्रमाण नसते. म्हणून निदान एक अंतर पोलादी फितीने किंवा सर्वेक्षण उपकरणाने स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक असते. २ मी. उंचीच्या स्तंभाच्या प्रतिकृतीत शेकडा एक चूक असेल, तर त्याच्या उंचीत २० मिमी.चा फरक पडतो व तो अशा मोजणीने लगेच उघड होतो. ज्या उपकरणाने क्रमवीक्षण केले त्यानेच तपासणी केल्यास दोन्ही क्रियांत एकच दोष शिरून नजरेआड राहण्याची शक्यता असते. सारांश, नोंद पूर्ण आहे की नाही व तीत ढोबळ सरक आहे काय, हे पाहण्यास ही पद्धत उत्तम. सूक्ष्म मापांच्या प्रमाणीकरणास मात्र स्वतंत्र मोजमापे लागतात.

महत्त्व : मूळ वस्तू नष्ट झाल्यावर तिच्या प्रतिकृतीची पूर्ण तपासणी करता येत नाही. पॅरिस येथील नोत्र दाम कॅथीड्रलला २०१९ मध्ये आग लागली. त्यापूर्वी अँड्रू टॅलन यांनी केलेले लेसर क्रमवीक्षण पुनर्बांधणीच्या कामी उपयोगी पडले. प्रतिकृतीही नाश पावू शकतात, हे मोताळ्याच्या पश्चिमेकडील अजिंठा लेण्यांच्या इतिहासावरून दिसते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे राहून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्या प्रती मूळ चित्रांशी कितपत जुळत होत्या, याचा निवाडा चित्रकाराच्या नजरेवरच अवलंबून होता आणि जळालेल्या प्रतींबाबत तो आता करता येत नाही. संगणकीय प्रतिकृतीच्या अनेक नकला निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येत असल्याने आगीचे भय कमी झाले आहे. मात्र मूळ नोंदीतील पोकळी प्रत्येक नकलेत तशीच उतरते. म्हणून जुन्या वास्तूंच्या नोंदणीत क्रमवीक्षणानंतर लगेच व त्याच जागी तपासणी करणे, आढळलेल्या उणिवा आणि संगणकाने बुजविलेले भाग प्रतिकृतीसोबतच नोंदवून ठेवणे इष्ट ठरते.