उष्णतेने आकुंचन पावणारे पदार्थ : एक विवेचन

प्रस्तावना :
बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ती आधी तापविली जाते. प्रसरण पावलेली धाव चाकावर सहज बसते आणि थंड होताच लाकडाला घट्ट आवळते. अशा अनुभवांमुळे ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हे विधान शालेय जीवनापासूनच अटळ नियम म्हणून मनावर ठसते. वस्तुतः ते बहुसंख्य पदार्थांच्या वर्तनाचे वर्णन होय. त्याचे अपवाद तपासले असता प्रसरणाचे मूळ कारण अधिक स्पष्ट होते.

प्रसरणाचे कारण :
घन पदार्थातील अणू सतत कंप पावत असतात. दोन अणू जवळ आल्यास त्यांतील प्रतिकर्षण तीव्रतेने वाढते. दूर जाताना मात्र त्यांना मागे खेचणारे बल तुलनेने दुर्बल असते. या असममितीमुळे तापमानाबरोबर कंपने वाढली की अणूंमधील सरासरी अंतरही वाढते. कंपने पूर्णतः सममित असती, तर केवळ त्यांच्या वाढीने हे अंतर बदलले नसते.

प्रमुख अपवाद :
१) पाणी : ० ते सुमारे ४ अंश सेल्सिअस या मर्यादेत पाणी तापविल्यास आकुंचन पावते. हायड्रोजन बंधांमुळे निर्माण झालेली रेणूंची पोकळ रचना उष्णतेने अंशतः मोडते व रेणू अधिक दाटीने बसतात. त्यामुळेच थंड प्रदेशांतील तलाव पृष्ठभागापासून गोठतात आणि तळाशी जलचर तग धरतात.

२) ताणलेले रबर : वजन टांगलेली रबराची पट्टी तापविल्यास आखूड होते. जॉन गफ यांनी १८०५ मध्ये या वर्तनाची नोंद केली. ताणामुळे सरळ झालेल्या दीर्घ रेणुसाखळ्या उष्णतेने पुन्हा अव्यवस्थित, गुंडाळलेल्या स्थितीकडे वळतात.

३) झिर्कोनियम टंगस्टेट : हे संयुग ०.३ ते १०५० केल्विन एवढ्या विस्तृत मर्यादेत सर्व दिशांना समान आकुंचन पावते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. यात दोन धातू-अणूंना जोडणारा ऑक्सिजन अणू बंधाच्या आडव्या दिशेने कंप पावतो. ताणलेली दोरी मध्यभागी बाजूला ओढली असता तिची टोके जवळ येतात, तद्वत धातू-अणू परस्परांजवळ खेचले जातात.

उपयोग व मर्यादा :
शार्ल गिय्योम यांनी १८९६ मध्ये शोधलेल्या ‘इन्व्हार’ या लोह व सुमारे ३६ टक्के निकेलच्या मिश्रधातूत चुंबकीय परिणामांमुळे प्रसरण जवळजवळ नाहीसे होते. अचूक मापनातील या उपयुक्ततेमुळे त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आकुंचनशील चूर्ण अन्य पदार्थांत मिसळूनही प्रसरण नियंत्रित करता येते. तथापि भिन्न वर्तनाचे घटक एकत्र आल्याने अंतर्गत ताण निर्माण होतात. शिवाय उच्च दाबाखाली झिर्कोनियम टंगस्टेटची स्फटिकरचनाच बदलते.

निष्कर्ष :
प्रसरण वा आकुंचन हे उष्णतेवरच नव्हे, तर पदार्थाच्या अंतर्गत रचनेवरही अवलंबून असते. अध्यापनात नियमासोबत त्याची कारणे व अपवाद मांडल्यास विद्यार्थी केवळ विधान पाठ न करता त्यामागील भौतिकशास्त्र समजून घेऊ शकतील.