दरडीअलीकडचा मुक्काम

ऋषिकेशहून बदरीनाथास निघालेल्या यात्रेकरूला सुमारे ३०० किलोमीटरच्या या मार्गावर देवप्रयागापासून अलकनंदेची सोबत लाभते. आणि एका अंगाला खोल दरीतून गर्जत जाणारा तिचा प्रवाह, तर दुसऱ्या अंगाला उभा कडा, या दोहोंमध्ये कोरून काढलेली ती वाट पावसाळ्यात दरड कोसळून कित्येकदा शेकडो माणसांचे सक्तीचे मुक्कामस्थान होते. गढवालातील श्रीनगर व रुद्रप्रयाग यांच्यामधील सिरोबगड किंवा पांडुकेश्वरापुढील लामबगड ही दरडींची नावे गढवाली चालकांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहेत.

या दरडींचे कारण त्या पर्वताच्या घडणीतच आहे. हिमालय अद्याप उंचावत असून, भूगर्भातील प्रचंड दाबाने येथील खडक ठिकठिकाणी भंगलेले, चिरफाळलेले आहेत. त्यांच्या फटींत मुरलेले पाणी आतून रेटा देते आणि रस्त्यासाठी उताराचा पायाच तासून काढलेला असल्यामुळे वरच्या भाराला आधार उरत नाही. पाऊस उघडून लख्ख ऊन पडल्यावरही दरड येते ती यामुळेच, कारण मुरलेले पाणी आभाळाबरोबर निवळत नाही.

गाड्यांची रांग लागली की क्लीनर उतरून प्रथम चाकामागे दगड लावतो. मराठी यात्राकंपनीची बस असेल, तर सोबतचा आचारी शिधा उतरवून रस्त्याच्या कडेलाच स्टोव्ह पेटवतो आणि परक्या बसमधील लेकुरवाळ्या बायांनाही उपम्याची ताटली मिळते. हा शेजारधर्म मला फार मोलाचा वाटतो. परंतु चार-सहा तास लोटले, परतीच्या गाडीचे आरक्षण हुकणार असे दिसू लागले, की काही उतारू सामान डोक्यावर घेऊन ढिगाऱ्यावरून पलीकडे जाण्याची भाषा बोलू लागतात, आणि खरा धोका तेथे सुरू होतो. यंत्राने मलबा हटवला जात असता एक माणूस खाली न बघता सारखा वर, कड्याकडे डोळे लावून उभा असतो. एखादा लहानसा खडा घरंगळला, तरी तो शिट्टी फुंकतो आणि सारे मागे धावतात. ज्या उतारावर यंत्र चालवणारा जीव मुठीत धरून काम करतो, तेथे मुलाबाळांसह पाऊल टाकण्याचे धाडस कोणी करू नये.

या खोऱ्याच्या इतिहासात थांबण्याचे आणि थांबविण्याचे महत्त्व ज्यांनी ओळखले, त्यांची कथा मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. १८९३ च्या सप्टेंबरात गोहना गावानजीक डोंगराचा प्रचंड भाग कोसळून अलकनंदेला मिळणारी बिरही गंगा अडली आणि तिच्यामागे विस्तीर्ण सरोवर साठू लागले. तो बांध मानवी प्रयत्नाने हटवणे अशक्य आहे हे पाहून पुलफोर्ड या इंग्रज अभियंत्याने पाणी केव्हा माथ्यावरून वाहू लागेल याचा हिशेब मांडला. सरोवरापासून खालच्या वस्त्यांपर्यंत तारायंत्राची सोय करण्यात आली, नदीकाठची माणसे हलवण्याची तजवीज झाली आणि यात्रेकरूंनाही काठच्या वाटेपासून दूर ठेवण्यात आले. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला आणि श्रीनगर शहर वाहून गेले. परंतु हलवल्यानंतरही बांधाखाली परत गेलेल्या एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांखेरीज प्राणहानी झाली नाही.

आज प्रत्येक उतारूच्या खिशात दूरध्वनी आहे. तरी दरडीअलीकडे खोळंबलेल्या माणसास रस्ता किती वेळाने सुटेल, रात्र कोठे काढावी, औषध कोठे मिळेल, हे कित्येकदा चहाच्या टपरीवरील वदंतेवरूनच कळते. मागे वळणे शहाणपणाचे की तेथेच थांबणे, हे ठरवण्याइतकी खरी बातमी ठरावीक वेळाने रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचवणारा एक जबाबदार माणूस दर नाक्यावर नेमणे सरकारला जड जाऊ नये. ढिगाऱ्यावर चढू पाहणारी बहुतेक माणसे त्या बातमीनेच खाली उतरतील.