बाळाचे पाऊल जन्मतः वळलेले असेल तर : क्लबफूट आणि त्यावरील उपचार

बाळ जन्मल्यावर त्याचे एक किंवा दोन्ही पाय आत वळलेले दिसले की घरातले सगळेच घाबरतात. हे मूल चालेल ना, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आधीच देतो. उपचार वेळेवर सुरू झाले आणि शेवटपर्यंत नेटाने केले, तर अशी बहुतेक मुले इतरांसारखी चालतात, पळतात, शाळेत जातात आणि खेळतात.

क्लबफूट म्हणजे काय?

या स्थितीत पाऊल आतल्या बाजूला आणि खाली वळलेले असते. टाच वर खेचलेली असते आणि तळव्याची कमान जास्त खोल दिसते. पायाच्या मागच्या व आतल्या बाजूचे स्नायू, कंडरा आणि सांध्यांभोवतीचे बंध आखडलेले असल्यामुळे असे होते. साधारण हजार बाळांमागे एक-दोन बाळांमध्ये हा दोष आढळतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात.

गर्भात अवघडून बसल्यामुळेही काही बाळांचे पाऊल वाकडे दिसते, पण ते हाताने सहज सरळ होते आणि पुढे आपोआप सुधारते. क्लबफूटमधले पाऊल ताठ असते, सहज सरळ होत नाही. दोन्हींतला फरक घरी ठरवू नका. तो डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचा असतो. त्याच वेळी बाळाची कंबर (खुबा) आणि पाठीचा कणाही तपासला जातो.

हे कशामुळे झाले?

बहुतेक बाळांमध्ये नेमके कारण सापडत नाही. काही घराण्यांत हा दोष एकाहून अधिक जणांत दिसतो, म्हणजे आनुवंशिकतेचा काही वाटा असतो. मात्र आईने ग्रहणात भाजी चिरली, जड उचलले किंवा अमुक पदार्थ खाल्ला म्हणून पाऊल वळले, असे मुळीच नसते. बाळंतिणीला असे बोल लावणाऱ्यांना घरातल्या मोठ्यांनीच थांबवावे. पुढची काही वर्षे उपचारांचा मोठा भार तिच्यावरच असतो. तिला धीर हवा.

मालिश करून पाऊल सरळ होईल का?

नाही. तेल लावून चोळल्याने किंवा पाऊल जोराने ओढल्याने खरा क्लबफूट बरा होत नाही. नवजात बाळाची हाडे अजून बरीचशी कूर्चेची, मऊ असतात. जोर लावल्यास त्यांना इजा होऊ शकते. "सव्वा महिना होऊ दे, मग बघू" असे म्हणण्यात मोलाचा काळ जातो. जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. काही कारणाने उशीर झाला असेल तरी निराश होऊ नका, मोठ्या मुलांवरही उपचार करता येतात.

पॉन्सेटी पद्धत

आज जगभर हीच पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम करणारे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी ती विकसित केली. तिचे तीन टप्पे आहेत.

१. प्लास्टर : डॉक्टर दर आठवड्याला पाऊल हळुवारपणे थोडे बाहेर वळवतात आणि त्या स्थितीत बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आठवडाभरात आखडलेले बंध सैल होतात. मग प्लास्टर काढून पाऊल आणखी थोडे वळवून नवे घातले जाते. अशी साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात.

२. छोटी शस्त्रक्रिया : पाऊल बाहेर वळले तरी टाच बहुधा वरच राहते. म्हणून बहुतेक बाळांमध्ये टाचेमागची अकिलीस कंडरा एका लहानशा छेदातून कापतात. बहुतेक वेळा जागा बधिर करून काही मिनिटांत हे काम होते. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात आणि तेवढ्या काळात कंडरा योग्य लांबीची होऊन पुन्हा जुळते.

३. ब्रेस : एका पट्टीला जोडलेले दोन बूट म्हणजे ब्रेस. पहिले तीन महिने तो दिवसातले २३ तास घालायचा, म्हणजे अंघोळीपुरताच काढायचा. नंतर फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. एकच पाऊल वळलेले असले तरी दोन्ही पायांत बूट घालावे लागतात.

प्लास्टर असताना काय पाहाल?

• बोटे गुलाबी आणि उबदार हवीत. बोट दाबून सोडल्यावर पांढरेपणा जाऊन लगेच गुलाबी रंग परत यायला हवा.
• प्लास्टर भिजवू नका. अंघोळीऐवजी अंग ओल्या कपड्याने पुसा.
• बोटे निळी-काळी पडली, फार सुजली, प्लास्टरला वास येऊ लागला, बाळाला ताप आला किंवा ते काही केल्या रडायचे थांबत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
• बोटे प्लास्टरच्या आत गेलेली दिसली तर प्लास्टर खाली घसरले आहे. ते बदलून घ्या.
• प्लास्टर घालताना बाळाला दूध पाजले तर ते शांत राहते.

खरी परीक्षा ब्रेसची

प्लास्टर निघाल्यावर पाऊल सरळ दिसते आणि घरच्यांना वाटते, झाले काम! बाळ रडते, आजीचा जीव कळवळतो आणि ब्रेस कपाटात जातो. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ब्रेस पाऊल सरळ करत नाही, सरळ झालेले पाऊल तसेच टिकवतो.

पहिले काही दिवस बाळ कुरकुर करते, कारण त्याला पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत. पट्टी धरून दोन्ही पाय एकदम वाकवण्याचा आणि सरळ करण्याचा खेळ खेळा, ते लवकर शिकते. आत सुती मोजे घाला आणि टाच बुटात खाली टेकली आहे याची खात्री करा. हलका लालसरपणा चालतो, पण फोड आला तर डॉक्टरांना दाखवा. बूट लहान झाले की लगेच बदला. झोपताना ब्रेस घालणे हा दात घासण्यासारखा रोजचा नियम झाला, की मूलही हट्ट करत नाही.

पाऊल पुन्हा वळू लागले तर लवकर दाखवा. बहुतेक वेळा पुन्हा काही प्लास्टर घालून ते सुधारते, तर काही मुलांना थोडे मोठे झाल्यावर कंडरेची जागा बदलण्याची शस्त्रक्रिया लागते. एकाच पायात दोष असेल तर ते पाऊल किंचित लहान आणि पोटरी थोडी बारीक राहू शकते. त्याने चालण्यात अडथळा येत नाही.

खर्चाची चिंता

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूटचा समावेश असून त्यावर मोफत उपचारांची सोय आहे. आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रवास, रोजंदारी किंवा घरची अडचण यामुळे एखादी तारीख चुकणार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरी तारीख मिळू शकते, पण उपचार मध्येच सोडू नका.