मांजर नखे का घासते?

मांजर हा प्राणी मराठी घराला परका नाही. कणगीतील धान्याचे उंदरांपासून रक्षण करण्याचे काम त्याने पिढ्यान् पिढ्या केले आहे. गावाकडील घराला परसदार असे, तेथे आंब्याचे किंवा शेवग्याचे झाड असे आणि ओसरीला लाकडी खांब असत. नखे घासण्यासाठी मांजराला एवढे पुरेसे होते. शहरातील सदनिकेत मात्र परिस्थिती पालटली. झाड गेले, खांब गेले. त्यांच्या जागी कापडी सोफा, वेताची खुर्ची, गालिचा आणि पडदे आले. मांजराची सवय तेवढी कायम राहिली.

नव्या सोफ्याच्या कडेचे धागे निघालेले दिसले की घरातील मंडळी संतापणे स्वाभाविक आहे. प्रथम मांजराला चापट बसते, मग त्याची रवानगी गॅलरीत होते आणि अखेर एखाद्या दिवशी त्याला पोत्यात घालून दूरच्या मंडईत सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या मांजराला तेथे अन्न मिळविता येत नाही, कुत्र्यांपासून बचावही करता येत नाही. सोफ्याचे नुकसान टाळण्यासाठी इतक्या टोकाला जाण्याची काहीच आवश्यकता नसते. मांजर असे का वागते हे समजून घेतले, तर त्यावरील उपाय सोपा व अल्पखर्चाचा आहे.

खोडी नव्हे, गरज

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच व मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकूण १८ नखे असतात. चालताना ही नखे आत ओढलेली असतात. त्यामुळे ती जमिनीवर झिजत नाहीत. नख थरांनी वाढते. बाहेरचा थर जुना झाला की तो टरफलासारखा सुटतो आणि आतील टोकदार नख मोकळे होते. खरखरीत पृष्ठभागावर पंजे ओढल्याने पुढच्या पायांच्या नखांवरील हे टरफल निघून जाण्यास मदत होते. सोफ्याजवळ सापडणारे चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे म्हणजे तुटलेली नखे नसून ही टरफलेच होत.

दुसरे कारण व्यायामाचे. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पाय उंच टेकवून अंग ताणते. त्यामुळे खांद्यांच्या व पाठीच्या स्नायूंचा आखडलेपणा जातो.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडलेल्या जागी डोळ्यांना दिसणारी खूण राहते आणि इतर मांजरांना ओळखता येणारा गंधही राहतो. ‘ही जागा माझी’ असे सांगण्याची मांजराची ही रीत आहे. म्हणूनच ते अडगळीचा कोपरा निवडत नाही. दाराजवळची, बैठकीच्या खोलीतील किंवा झोपण्याच्या ठिकाणालगतची ठळक जागा निवडते आणि पुन्हा पुन्हा तेथेच येते.

पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजरे. ही एकएकटी वावरणारी आणि आपल्या हद्दीच्या खुणा करणारी जात आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या एका मांजराचे अवशेष सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. माणसाच्या सहवासात इतका काळ काढूनही जी सवय सुटली नाही, ती रागावण्याने सुटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. सवय मोडण्याऐवजी तिला योग्य जागा देणे हाच खरा मार्ग आहे.

घरच्या घरी खांब

ही जागा म्हणजे दोर गुंडाळलेला एक लाकडी खांब. तो घरी किंवा जवळच्या सुताराकडून तयार करून घेता येतो. मांजराला पूर्ण अंग ताणता यावे, यासाठी खांबाची उंची सुमारे ९० सेंटिमीटर असावी. खांब १० सेंटिमीटर जाडीचा असल्यास त्यावर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा दोर तळापासून वरपर्यंत घट्ट गुंडाळावा. त्यासाठी जवळजवळ ३० मीटर दोर लागतो. घायपाताचा दोर उत्तम. तो न मिळाल्यास काथ्याचा किंवा तागाचा चालतो. दोराची दोन्ही टोके पक्की करावीत आणि खिळ्यांची टोके वर राहणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

खांब जड व रुंद पाटावर बसवावा. पाट निदान ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा असावा. खांब एकदा जरी अंगावर कलंडला, तरी मांजर पुन्हा त्याच्याजवळ जाण्यास बिचकते.

सर्व मांजरांची आवड सारखी नसते. सोफ्याच्या बाजूवर उभे ओरखडे असतील तर खांब उपयोगी पडतो. सतरंजी किंवा गालिचा ओरबाडणाऱ्या मांजरासाठी काथ्याचे जाड पायपुसणे जमिनीवर पक्के बसवून द्यावे.

खांब कोठे ठेवावा, याबाबत पुष्कळदा चूक होते. तो शोभत नाही म्हणून मागच्या गॅलरीत ठेवला जातो आणि मांजर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ज्या सोफ्याला नखे लागतात, त्याच्या अगदी लगत खांब उभा करावा. मांजराच्या झोपण्याच्या जागेपाशी आणखी एक असल्यास अधिक चांगले. खांबाभोवती दोरी फिरवून मांजराला खेळवावे आणि त्याने नखे लावताच आवडीचा खाऊ द्यावा. त्याचे पंजे धरून खांबावर घासू नयेत. त्याने ते घाबरते. काही आठवडे खांबाचा नियमित वापर झाला, म्हणजे तो रोज थोडा थोडा सरकवून सोयीच्या जागी नेता येतो.

सामानाचे रक्षण

खांबाची सवय होईपर्यंत सोफ्याच्या कडा गुळगुळीत प्लास्टिकने झाकाव्यात किंवा त्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. पंजाला चिकटणारा पृष्ठभाग मांजराला आवडत नाही. मांजर दूर राहावे म्हणून फिनेल किंवा नीलगिरीचे तेल मात्र कधीही शिंपडू नये. अशा पदार्थांतील काही द्रव्यांचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. अंग चाटताना ती पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापल्यास नुकसान कमी होते. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येते. त्याच्या मुळाशी दिसणारा गुलाबी भाग जिवंत असतो. तो सोडून केवळ पुढचे पांढरे टोक कापावे. पहिल्या खेपेस पशुवैद्यकाकडून हे काम पाहून घेणे इष्ट.

मारण्याने काहीही साध्य होत नाही. मांजर शिक्षेचा संबंध सोफ्याशी जोडत नाही. मारणाऱ्या माणसाशी जोडते. परिणामी ते त्या माणसाला भिऊ लागते आणि घरात कोणी नसताना नखे घासते. भेदरलेले मांजर हद्दीच्या खुणा अधिकच करू लागते. घर बदलल्यावर किंवा घरात नवा प्राणी आल्यावर ही सवय एकाएकी वाढली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सल्ला घ्यावा.

नखे काढून टाकणे गैर

शस्त्रक्रियेने मांजराची नखे कायमची काढून टाकता येतात, असे काहींच्या ऐकिवात असते. या शस्त्रक्रियेत केवळ नख नव्हे, तर बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. माणसाच्या बोटांची पेरे तोडण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यानंतर अनेक मांजरांना दीर्घकाळ वेदना होतात आणि काही चावरी बनतात. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या युरोपीय कराराने ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरविली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्या देशातही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या ११ व्या कलमानुसार प्राण्याचा अवयवच्छेद करणे हा अपराध ठरतो. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हाही त्याच कलमाखाली अपराध आहे. मांजराला मंडईत सोडून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक लाकडी खांब, ३० मीटर दोर आणि काही आठवड्यांचा संयम, एवढ्यावर हा प्रश्न बहुतेक घरांत सुटू शकतो. ओसरीचा खांब आणि परसातील झाड माणसाच्या सोयीसाठी गेले. त्यांच्या बदल्यात मांजराला घरातील हातभर जागा मिळाली, तर सोफाही शाबूत राहील आणि मांजराचे घरही सुटणार नाही.