खाडीतील अन्नसाखळी

ठाण्याहून कल्याणकडे जाताना कळव्याच्या आधी लोकल गाडी खाडीच्या पुलावरून जाते. ओहोटीच्या वेळी तेथे काळा चिखल दिसतो. काठावर तिवरांची हिरवी झाडी दिसते. या चिखलात काय असणार, असे आपल्याला वाटते. पण मुलांनो, हाच चिखल कितीतरी जिवांना अन्न देतो.

तिवराची पाने सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांच्या मदतीने स्वतःचे अन्न तयार करतात. गळलेली पाने चिखलात पडून कुजतात. हा कुजलेला पाला कोळंबी आणि खेकडे खातात. कोळंबीला मासा खातो. माशाला बगळा खातो. पान, कोळंबी, मासा आणि बगळा! एक जीव दुसऱ्याचे अन्न होतो. या क्रमाला 'अन्नसाखळी' म्हणतात.

बगळा मेला की साखळी संपते का? नाही. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे शरीर कुजवतात. ते चिखलात मिसळते आणि त्याचे खत होते. ते खत पुन्हा झाडाला मिळते. निसर्गात काहीच वाया जात नाही.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. यांनाच आपण फ्लेमिंगो म्हणतो. लहान जातीचा रोहित चोच उलटी धरून पाण्यातील बारीक शेवाळ गाळून खातो. या अन्नामुळेच त्याची पिसे गुलाबी होतात. त्याचे पिल्लू मात्र करड्या रंगाचे असते. 2015 मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले.

साखळीची एक कडी तुटली तर? तिवरांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. आपण टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांत अडकतात. कुठे भराव टाकण्यासाठी झाडे तोडली जातात. झाड गेले की पाला कमी होतो. पाला कमी झाला की कोळंबी घटते, मग मासे घटतात. बगळा उडून दुसरीकडे जाईल. पण खाडीकाठचा कोळी कुठे जाईल? त्याचे जाळे रिकामेच वर येईल. माणूसही या साखळीची एक कडी आहे. म्हणूनच 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली.

कायदा झाडे वाचवतो. कचरा खाडीत न टाकणे हे मात्र आपल्याच हाती आहे.

शब्दार्थ
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे सरणे
तिवर – खाऱ्या चिखलात वाढणारे झाड
भराव – खोल जागेत टाकलेली माती

स्वाध्याय
1. रोहित पक्ष्याची पिसे गुलाबी का होतात?
2. तिवरे तोडली तर कोळ्याचे नुकसान कसे होते?
3. कागदाच्या चार कड्यांवर पान, कोळंबी, मासा, बगळा ही नावे लिहून साखळी करा. पहिली कडी फाडा. काय झाले, ते वर्गात सांगा.