जुन्या शेव्हरलेटला ताकद द्यायची, पण कोणत्या क्रमाने?

जुन्या मोटारींचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना गिऱ्हाईक पहिलाच सवाल करते, "उस्ताद, हिची पळ वाढेल का?" वाढते, यात शंका नाही. मात्र काम कोणत्या क्रमाने केले यावर गिऱ्हाइकाचा पैसा, इंजिनची उमर आणि गाडीचे रजिस्ट्रेशन या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. मिसाल म्हणून शेव्हरलेटचे एका रांगेतले सहा सिलिंडरचे इंजिन घेऊ. ते मुंबईला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्याचे काम सुरू केले आणि १९५४ साली ते बंद केले. त्या काळातल्या शेव्हरलेट गाड्या आजही हौशी मंडळींनी जपून ठेवल्या आहेत.

अमेरिकेत हे इंजिन १९२९ साली आले. चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडर, अशी त्याची जाहिरात होती. शेगडीला असावेत तसे त्याचे बोल्ट, म्हणून तिकडे त्याला 'स्टोव्हबोल्ट' हे नाव पडले. १९३७ साली नवी घडण आली. ती २१६ क्युबिक इंचांची, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरची, ८५ हॉर्सपॉवरची. पुढे २३५ इंचांचे, म्हणजे ३.९ लिटरचे इंजिन आले. बाहेरून दोघे सख्खे भाऊ दिसतात, आणि घोटाळा इथेच होतो.

२१६ च्या कनेक्टिंग रॉडमध्ये आजच्यासारखे बदलता येणारे बेअरिंग नसते. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून, घासून माप काढलेले असते. क्रँकच्या मेन बेअरिंगला पंपाचे दाबाचे तेल मिळते, पण रॉडला ते मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला छोटा चमचा असतो. तो प्रत्येक फेऱ्यात चेंबरमधल्या पन्हळीत बुडून तेल उचलतो, आणि वेग वाढला की नळीतून उडणारी धार त्या चमच्यावर पडते. बेताच्या वेगाला ही रचना पुष्कळ वर्षे इमानदारीने चालते. पण अशा इंजिनवर दोन कार्बोरेटर चढवून ते तासन् तास जोरात पळवले तर व्हाइट मेटल वितळते आणि क्रँक खराब होतो. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, पण यंत्रमागाला तेल कमी पडले तर काय होते हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून पहिला खर्च तेलाच्या वाटेवर. चेंबर उतरवावा, पन्हळी आणि नळ्या साफ कराव्यात, चमच्यांची उंची तपासावी, रॉडची ढिलाई शिम काढून जुळवावी. व्हाइट मेटल ओतणारे हात आता थोडे राहिले आहेत. ज्यांच्याकडे हे हुन्नर आहे त्यांनी ते शागिर्दाला जरूर शिकवावे, आणि मजुरीही त्या मानाने घ्यावी.

जास्त ताकदच हवी असेल तर जाणकार नंतरचे २३५ इंजिन बसवतात. १९५३ साली पॉवरग्लाइड गाड्यांच्या २३५ मध्ये रॉडलाही दाबाचे तेल आणि बदलते बेअरिंग आले, आणि १९५४ पासून सर्वच गाड्यांत. तेव्हा खरेदीच्या वेळी नुसते '२३५ आहे' एवढ्यावर बयाणा देऊ नये. चेंबर खोलून रॉड पाहावा. १९५५ नंतरच्या इंजिनचा वॉटर पंप वेगळ्या धाटणीचा असतो, त्यामुळे जुन्या गाडीत पंखा आणि रेडिएटर यांचे माप आधी घ्यावे लागते.

या इंजिनमध्ये किती वाव आहे ते कंपनीनेच दाखवून दिले. १९५३ चे पॉवरग्लाइडचे २३५ हे ११५ हॉर्सपॉवरचे. त्याच वर्षी कॉर्व्हेट मोटारीत त्याच मापाच्या इंजिनने १५० हॉर्सपॉवर दिली. फरक कशाचा? तीन कार्बोरेटर, जास्त उचल देणारा कॅम, ८ ला १ कॉम्प्रेशन आणि दुहेरी सायलेन्सर. आपल्याकडे तीन कार्बोरेटर जुळवत बसण्याची गरज नाही. सहा सिलिंडरना आत घेण्याची दारे तीनच, दोन-दोन सिलिंडरांत एक. त्यामुळे कार्बोरेटर वाढवून मिळणारा फायदा मर्यादितच. आधी दुभागलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मग हेडचा फेस थोडा घासून कॉम्प्रेशन, आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हा क्रम मला रास्त वाटतो.

खरे तर बऱ्याच गिऱ्हाइकांना ताकद नको असते, हायवेवर आराम हवा असतो. जुन्या गाडीच्या मागच्या धुरीचे दात ४.११ च्या प्रमाणात असतात, म्हणून इंजिन ओरडते. पॉवरग्लाइडचे ३.५५ प्रमाणाचे दात बसवले तर त्याच वेगाला इंजिनचे फेरे सुमारे सातव्या हिश्शाने कमी होतात. पैसा इथे घातला तर २१६ सुद्धा सुखाने चालते. ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर मात्र वेगाआधी नवे करावेत, त्यात सवलत नाही.

पेट्रोलही बदलले आहे. शिशाचे पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. हेड उतरलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्याव्यात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुने रबर खाते आणि मिश्रण पातळ करते. नळ्या, पंपाचा पडदा बदलून जेट किंचित मोठा करावा लागतो.

आता कागदपत्रांचा मुद्दा, जो गॅरेजमध्ये कोणी काढत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची खाजगी मोटार 'व्हीए' क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसला पाहिजे. म्हणजे २३५ बसवले की तीच गाडी या नोंदणीला मुकण्याचा धोका. शिवाय इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. गिऱ्हाइकाला हे काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे आणि त्याचा निर्णय लिहून घ्यावा. माझा मशवरा विचाराल तर व्हीए नंबर हवा असलेल्या गाडीत मूळ २१६ च ठेवावे, व्हाइट मेटल नव्याने ओतावे, आणि इग्निशन, मॅनिफोल्ड अशा बोल्ट काढताच परत जागेवर येतील एवढ्याच वस्तू बदलाव्यात, त्याही आरटीओत विचारून. उतरवलेले मूळ भाग तेल लावून, पेटीत भरून, पावतीवर नोंद करून मालकाच्या स्वाधीन करावेत. भंगारात जाऊ देऊ नयेत.